सतरा नंबरची विहीर

पीएच.डी. करणाऱ्या माणसाला जग दोनच प्रश्न विचारतं. होईपर्यंत 'कधी होणार?' आणि झाल्यावर 'उपयोग काय?' पहिल्या प्रश्नाला मी नऊ वर्षं तोंड दिलं. रविवारची मिस्सा संपली की नंदाखालच्या चर्चबाहेर माणसं घोळक्याने उभी राहतात. त्या घोळक्यात केळीचा भाव, कुणाची तरी सोयरीक आणि माझी पीएच.डी. हे तीन विषय कायमचे ठरलेले होते. केळीचा भाव खाली-वर व्हायचा, सोयरिकी जमायच्या, मोडायच्या, माझी पीएच.डी. तेवढी जागच्या जागी असायची.

आमच्या गावाला पुस्तकांचं वावडं आहे असं मात्र समजू नका. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो नंदाखालचेच. पण पुस्तक म्हणजे जे वाचता येतं ते, अशी गावाची आपली साधी व्याख्या. माझा प्रबंध काही त्या व्याख्येत बसत नव्हता. तो माझ्या बायकोनेही वाचलेला नाही, आणि अर्पणपत्रिकेत तर तिचंच नाव आहे. खरं सांगायचं तर परीक्षकांनीही तो सबंध वाचला असेल असं मला वाटत नाही. वाचला असता तर त्यांच्यापैकी एकाने तरी विचारलं असतं, की अहो, सोळा नंबरच्या विहिरीनंतर एकदम अठरा नंबरची कशी आली?

त्या सतरा नंबरची ही हकीकत.

मी तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो. विषय निवडला विहिरींच्या पाण्यातला खारेपणा. यात शास्त्रप्रेमापेक्षा सोय जास्त होती. विहिरी घरच्या, पाणी फुकट, आणि नमुने गोळा करायला सायकल पुरे. राजोडीच्या किनाऱ्यापासून नंदाखाल, बोळींज करत विरारच्या दिशेने येत मी अठ्ठावीस विहिरी मुक्रर केल्या, त्यांना नंबर दिले आणि कामाला लागलो. पाण्याच्या पांढऱ्या बाटल्या पिशवीत भरून विरार लोकलमध्ये चढणं हाच मुळी एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. आमचा भाग ताडामाडांचा. वसईकडून आलेला माणूस बाटल्या सांभाळून नेतोय म्हटल्यावर चौथ्या सीटवरचा माणूस डोळे मिचकावून विचारायचा, "ताजी आहे का?" मी म्हणायचो, "विहिरीचं पाणी आहे हो." तो म्हणायचा, "असू दे, असू दे, आम्ही कुणाला सांगतोय?"

पाण्यातलं मीठ मोजण्याची रीत सोपी आहे. पाण्यात पिवळा क्रोमेट टाकायचा आणि वरून सिल्व्हर नायट्रेट थेंब थेंब सोडायचं. रंग विटकरी झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी खारट. या सिल्व्हर नायट्रेटचा एक गुण असा, की ते बोटांना लागलं आणि ऊन दिसलं की बोटं काळीकुट्ट होतात आणि आठवडा आठवडा तशीच राहतात. मी नऊ वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात काळ्या बोटांनी जेवलो. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे चांदी बायकोच्या पायात घालतात. आमच्याकडे सगळी तुमच्या बोटांना."

त्यामागचं शास्त्रही तसं अवघड नाही. किनाऱ्याजवळच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, तापलेल्या दुधावर साय धरावी तसं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन नावाच्या एका डच माणसाने आणि पुढे १९०१ साली हर्झबर्ग नावाच्या जर्मनाने याचा हिशोब मांडला. समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर पातळीखाली ते साधारण चाळीस फूट असतं. म्हणजे पंप लावून वरचं एक फूट पाणी तुम्ही कायमचं उपसलंत, की खालून खारं पाणी चाळीस फूट वर सरकतं. आमच्याकडे रहाट होते तोवर हा हिशोब सांभाळला जात होता. बैल दमला की उपसा थांबायचा. पंप काही दमत नाही. पुढे तर मुंबईच्या वाढत्या वस्तीसाठी विहिरींवर पाण्याचे टँकर लागायला लागले, आणि फादर दिब्रिटोंसारख्या माणसांना हरित वसईसाठी रस्त्यावर उतरावं लागलं.

तर माझा निष्कर्ष असा होता, की समुद्रापासून जसजसं पूर्वेला जावं तसतसं पाणी गोडं होत जातं, आणि ते एका ठरावीक प्रमाणात होतं. आलेख काढला की ठिपके एका तिरक्या रेषेवर गुण्यागोविंदाने बसत. हा निष्कर्ष मी मोठ्या उत्साहाने माझ्या आत्याला सांगितला. आत्या राजोडीच्या बाजूला दिलेली, समुद्राच्या अगदी कुशीत. लाल लुगडं, कमरेला कोयता आणि जिभेलाही. ती आमच्या सामवेदी बोलीत जे बोलली ते मी शाळेतल्या मराठीत देतो, कारण मूळ शब्दांची धार कागदावर उतरत नाही. ती म्हणाली, "समुद्राजवळ पाणी खारट असतं हे कळायला तुला नऊ वर्षं लागली?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि माझी विहीर? ती कुठे खारट आहे?"

तिथेच तर सगळं अडलं होतं. आत्याची विहीर म्हणजे सतरा नंबर. आजूबाजूच्या विहिरींत लिटरमागे सहाशे-सातशे मिलिग्रॅम क्लोराइड. हिच्या विहिरीत साठ. आमच्या नंदाखालच्या विहिरींपेक्षाही कमी! पहिल्यांदा वाटलं बाटली बदलली. दुसऱ्यांदा वाटलं रसायन शिळं झालं. मी चार वेळा गेलो, पावसाळ्याआधी दोनदा, नंतर दोनदा. चारही वेळा तेच. आत्या दर खेपेला घागरीतलं पाणी पाजायची, वर सुकेळी खायला घालायची आणि म्हणायची, "जिभेला कळतंय, तुझ्या नळीला कसं कळत नाही?"

सत्तावीस ठिपके रेषेवर आणि एक खाली एकटाच, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा दाराशी उभा. त्या एका ठिपक्यामुळे माझा सहसंबंधाचा आकडा ०.९४ वरून ०.७८ वर यायचा. माझे गाईड भला माणूस. त्यांनी 'गाळा' असं म्हटलं नाही. मोठी माणसं असं कधी म्हणत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "हा नमुना दूषित झाला असण्याची शक्यता तुम्ही विचारात घेतलीत का?" मी म्हटलं, "चार वेळा घेतलाय, सर." ते म्हणाले, "चारदा दूषित होऊ शकतो." आणि मग, अगदी सहज, "ठेवायचा असेल तर त्याचं कारण द्यावं लागेल. आणखी एक-दोन वर्षांचं काम आहे. बघा, तुमचं तुम्ही ठरवा."

मी तेव्हा अडतीस वर्षांचा होतो. दोन मुलं, एक प्रमोशन अडलेलं, आणि चर्चबाहेरचा तो घोळका. मी ठरवलं. ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्याची कारणं जमवण्यात मात्र पुढची चाळीस वर्षं गेली.

आता वाचक म्हणतील, एका विहिरीचं काय घेऊन बसलात? बरोबर आहे. गाळल्याशिवाय जगात काही चालतं का? मुलगी दाखवताना आपण तिचा राग गाळतो, मुलगा दाखवताना त्याचा पगार सोडून बाकी सगळं गाळतो. नकाशात प्रत्येक झाड दाखवायचं म्हटलं तर नकाशा गावाएवढा होईल. शास्त्राचं तर अर्धं काम गाळण्याचंच. नऊ नंबरची विहीरही मी गाळलीच होती. तिच्या मालकाने मिठाची पोती विहिरीच्या काठावर धुतली होती, हे त्याने स्वतःच ओशाळून सांगितलं. तिच्याबद्दल मी तळटीपेत दोन ओळी लिहिल्या आणि शांत झोपलो. मग सतरा नंबरने माझी झोप का उडवावी?

याचं उत्तर मला फार उशिरा सापडलं. नऊ नंबरची विहीर मी विहिरीकडे बघून गाळली होती. सतरा नंबरची आकड्याकडे बघून. सतराचा आकडा जर सहाशे आला असता, तर दूषित नमुन्याचा विचार माझ्या किंवा सरांच्या डोक्यात शिवला तरी असता का? चार नमुने चारही वेळा सारखेच दूषित होतात यावर मी विश्वास ठेवला, कारण तो ठेवणं सोयीचं होतं. आणि नऊ नंबरसाठी दोन ओळी लिहिणाऱ्या माणसाला सतरासाठी एकही ओळ लिहिता आली नाही, यातच काय ते आलं. तळटीप लिहायला ज्याची लाज वाटते, ते गाळणं वेगळ्या जातीचं.

आपल्याकडे या जातीचं मूळ पुरुष धर्मराज. 'नरो वा कुंजरो वा' तो हळू आवाजात म्हणाला, म्हणून त्याचा जमिनीच्या चार बोटं वरून चालणारा रथ खाली आला. माझा रथ मुळातच विरार लोकल, ती खाली यायला जागाच नव्हती. पण निदान तो हळू का होईना, म्हणाला तरी होता. मी तेवढंही नाही.

समाधानासाठी मी मोठमोठी माणसं शोधून काढली. मिलिकन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ. तेलाचे बारीक थेंब अधांतरी तोलून त्याने इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजला. १९१३ सालच्या निबंधात त्याने ५८ थेंबांचे आकडे दिले आणि वर ठासून लिहिलं, की हे निवडक थेंब नव्हेत, त्या साठ दिवसांत तपासलेले झाडून सगळे आहेत. पुढे त्याच्या वह्या उघडून पाहिल्या तर त्यात आणखी कितीतरी थेंब निघाले. त्याला १९२३ साली नोबेल मिळालं. हे वाचून मला दोन दिवस फार बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी वाचलं, की त्याने टाकलेले थेंब धरले असते तरी त्याचं उत्तर फारसं बदललं नसतं. झालं! म्हणजे इथेही मी एकटाच.

अलीकडे इरावती कर्व्यांचं चरित्र हाती आलं आणि उरलंसुरलं समाधानही गेलं. 'युगान्त'वाल्या इरावतीबाई. पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवणाऱ्या बाई म्हणून लोकांना त्या ठाऊक असतात. पण त्यांची पीएच.डी. बर्लिनची, विषय माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधला फरक. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिकडे गेल्या. गाईड ऑयगेन फिशर. त्याचं म्हणणं असं, की युरोपियन माणूस जास्त बुद्धिमान, तेव्हा त्याच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत जास्त फरक सापडला पाहिजे. इरावतीबाईंनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या घेतल्या, मोजल्या आणि लिहिलं, की वंशाचा आणि या फरकाचा काही संबंध दिसत नाही. परका देश, पंचविशीच्या आतबाहेरचं वय, हातात परतीचं तिकीट, आणि समोर गाईड कोण? तर १९३३ साली नाझी आल्यावर बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झालेला गृहस्थ. तिच्यासमोर सबंध गठ्ठाच्या गठ्ठा कवट्या रेषेबाहेर उभ्या होत्या. तिने एकही गाळली नाही. माझ्यासमोर एक विहीर होती, तीही सख्ख्या आत्याची, आणि गाईड फक्त चष्मा पुसत होते.

कमला सोहोनींचा केंब्रिजचा प्रबंध, १९३९ सालचा, अवघा चाळीस पानांचा होता म्हणतात. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असतं हे त्यात त्यांनी दाखवलं. सांगण्यासारखं असलं की चाळीस पानं पुरतात. माझा दोनशे बारा पानांचा झाला. लपवायला जागा जास्त लागते.

१९८६ साली पदवी मिळाली. गावात पेढे वाटले. दुसऱ्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ गुडघा दाखवायला आले, तो सोहळा सगळ्याच पीएच.डीं.च्या नशिबी असतो, त्याबद्दल काही लिहीत नाही. मन मात्र खात होतं. म्हणून ईस्टरच्या आधी पापनिवेदनाला गेलो तेव्हा धीर करून म्हटलं, "फादर, मी एक विहीर गाळली."

जाळीपलीकडून फादर म्हणाले, "गाळ काढला? बरं केलंस. पावसाच्या आधी काढायलाच हवा. पुढे?"

पुढचं सांगण्याचं धाडस झालं नाही. मुलावर ओरडलो वगैरे किरकोळ पापं सांगून मी बाहेर पडलो.

आत्याकडे प्रबंध दाखवायला नेला. मरून रेक्झिनची बांधणी, सोनेरी अक्षरं. तिने हात पुसून, देव्हाऱ्यातली वस्तू घ्यावी तसा तो हातात घेतला. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण घडीचा नकाशा होता, आणि समुद्र कुठे आणि चर्च कुठे हे दाखवल्यावर तिला बाकीचं सांगावं लागलं नाही. बोट ठेवत ठेवत ती निघाली. ही अमक्याची, ही तमक्याची, ही वडाखालची. आपल्या घराशी आली आणि बोट थांबलं. मागे गेलं, पुढे आलं.

"माझी कुठाय?"

मी म्हटलं, "आत्या, ती जरा वेगळी होती ना, म्हणून त्यात बसली नाही."

"वेगळी म्हणजे?"

"म्हणजे गोडी."

ती काही बोलली नाही. नकाशा पहिल्या घडीवरच पुन्हा नीट मिटला आणि म्हणाली, "बाकीच्या सगळ्या खारट आहेत ते मात्र लिहिलंस." मग सुकेळी आणायला आत गेली. मला ती सुकेळी त्या दिवशी गिळवली नाहीत.

खरी गंमत, गंमत म्हणायची तर, पुढे आहे. आत्याच्या विहिरीला लागून एक बावखल होतं. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, आणि आसपासच्या विहिरी त्यावर जगतात. आमच्या आज्या-पणज्यांना हे ठाऊक होतं. त्यांनी काही त्यावर प्रबंध लिहिला नाही, नुसती बावखलं खणली. सतरा नंबरची विहीर गोडी का, याचं उत्तर तिच्यापासून वीस पावलांवर कमळं फुलवत बसलं होतं. चार वेळा मी त्याच्या काठावर सायकल टेकवली होती! ज्या एक-दोन वर्षांना मी घाबरलो, ती दिली असती तर माझ्या प्रबंधात सांगण्यासारखं एक तरी वाक्य असतं. बाकी सत्तावीस विहिरींनी मला जे सांगितलं ते आत्याला आधीच माहीत होतं.

पुढे आत्या गेली. वाडी विकली गेली, बावखलात मातीचे ट्रक रिकामे झाले, त्यावर एक बिल्डिंग उभी राहिली. विहीर तेवढी एका कोपऱ्यात राहिली, वर लोखंडी जाळी. काही वर्षांपूर्वी राहवलं नाही म्हणून तिथलं पाणी आणलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बायकोच्या देखरेखीखाली, जुन्या पद्धतीने मोजलं. सहाशे चाळीस. प्रबंध काढला, आलेखाचं पान उघडलं आणि पेन्सिलीने ठिपका दिला. रेषेवर बसला. अगदी मधोमध.

गेल्या उन्हाळ्यात गावातली तीन-चार मुलं घरी आली. कुठली कुठली बुजलेली बावखलं पुन्हा खणता येतील याची यादी करत होती. इंजिनिअर मुलं, मोबाइलवर नकाशे. त्यांना कुणीतरी सांगितलेलं, की सरांनी पूर्वी इथल्या विहिरींवर पीएच.डी. केलीय. "सर, बावखल होतं तेव्हा पाणी गोडं होतं असं सगळी म्हातारी माणसं सांगतात. पण ऑफिसात तोंडी चालत नाही. आकडा पाहिजे. तुमच्या थिसिसमध्ये मिळेल ना?"

त्यांनी थिसिस चाळला. मी बघत होतो. त्यातल्या एकाचं बोट सोळावर आलं, मग अठरावर गेलं, मग पुन्हा सोळावर आलं. ते बोट मी ओळखत होतो.

मी माळ्यावर चढलो. या वयात चढू नये असं बायको खालून ओरडत होती. तिसऱ्या ट्रंकेत तळाशी वही सापडली. काळ्या अंगठ्यांचे ठसे पानोपानी. सतरा नंबर, चार तारखा, चार आकडे: ५८, ६१, ६४, ६०. शेजारी माझ्याच अक्षरात लिहिलेलं, 'बावखलाच्या काठी'. मुलगा ते पान दोनदा वाचून गेला, फोटो काढला, मग पुन्हा एकदा थिसिस उघडला.

"सर, एवढं छान रीडिंग आहे. मग हे यात का नाही?"

मी म्हटलं, "चहा घेणार ना?" आणि उठलो. स्वयंपाकघरातून ऐकू आलं, तो बायकोला तोच प्रश्न विचारत होता.